सुट्टी त्यांची, पावसाळा आपला!

परदेशातल्या शाळांना सुट्टी लागते जून सरता सरता. तोवर अलिबागला आंबे संपलेले असतात, गेटवेच्या बोटी बंद झालेल्या असतात आणि इथल्या भावंडांची शाळा सुरू झालेली असते. तरीही भाचरं येतात. मग प्रश्न पडतो, त्यांना सांभाळायचं कोणी?

‘‘यंदा कधी येताय?’’

फेब्रुवारी लागला की अलिबाग, नागाव, थळ, आक्षीच्या कितीतरी घरांतून व्हिडिओ कॉलवर हा प्रश्न जातो. पलीकडे न्यू जर्सी असतं, लंडन असतं, म्युनिक नाहीतर दुबई. प्रश्न विचारते आई, उत्तर देते ताई आणि त्या उत्तराप्रमाणे रजेचा अर्ज टाकतो मुंबईतल्या ऑफिसात बसलेला मामा. आमच्या घरातला तो मामा मी.

सुट्टी म्हणजे मे महिना, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की दुसरी काही सुट्टी असू शकते हे पटतच नाही. परीक्षा संपली की एस.टी. पकडायची आणि थेट नागाव. वाडीत दिवसभर हुंदडायचं, दुपारी पडवीत पत्ते कुटायचे, संध्याकाळी समुद्र. रात्री ओटीवर दहा-बारा पोरं ओळीने आडवी. या पोरांना सांभाळतंय कोण, असा प्रश्न कोणाला पडलाच नाही. पोरांना पोरंच सांभाळायची. आजी फक्त जेवायला हाक मारायची. (आणि विहिरीत डोकावताना पकडलं तर पाठीत धपाटा घालायची, तेवढंच.)

ताईच्या मुलांचं हे गणितच वेगळं. न्यू जर्सीत शाळा संपते जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि बहुतेक ठिकाणी उघडते ‘लेबर डे’च्या आगेमागे, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी. मोजून दहा आठवडे! इंग्लंडमध्ये ही सुट्टी सहा आठवड्यांची, जुलैच्या शेवटापासून. स्कॉटलंडची मात्र जूनअखेरीला लागते आणि ऑगस्टच्या मध्यावर संपतेही. जर्मनीत प्रत्येक राज्याच्या तारखा वेगळ्या. बव्हेरियाची पाळी जवळजवळ सगळ्यात शेवटी, पार सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. दुबईत जुलै-ऑगस्ट. नशीबवान म्हणायचे ते ऑस्ट्रेलियावाले. त्यांची मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे आपल्याकडे ऐन थंडीत, वालाच्या शेंगा आणि पोपटीच्या दिवसांत.

अमेरिकेत ही सुट्टी उन्हाळ्यात का, तर पूर्वी मुलं शेतात कामाला लागायची म्हणून, असं तिकडची मंडळी ठोकून सांगतात. खरं तर शेतीला माणसं लागायची पेरणीला आणि कापणीला, वसंतात आणि शरदात. उन्हाळ्याच्या सुट्टीला एकोणिसाव्या शतकातल्या शहरांचा उकाडा आणि तो चुकवायला गावाबाहेर पळणारी सुखवस्तू कुटुंबं जास्त कारणीभूत. आपल्या मे महिन्याचंही कारण ऊनच. दोन्ही देशांनी उकाड्यालाच घाबरून शाळा बंद केल्या, फक्त उकाडा वेगवेगळ्या महिन्यांत पडला. त्याची किंमत मोजतात आजी-आजोबा.

दहा वजा तीन

आता ताईच्या बाजूने बघा. मुलांना सुट्टी दहा आठवडे, तिला रजा पंधरा दिवस. अमेरिकेत खासगी नोकरदाराला भरपगारी सुट्टी दिलीच पाहिजे असा केंद्रीय कायदाच नाही. कंपनी देईल ती रजा. (इंग्लंडमध्ये कायद्याने वर्षाला ५.६ आठवडे मिळतात आणि जर्मनीत पाच दिवसांचा आठवडा असेल तर किमान २० दिवस. त्यामुळे म्युनिकचा मित्र या विषयावर जरा जास्तच शांतपणे बोलतो.) भावोजींची रजा वेगळ्या आठवड्यात टाकली, मधे ४ जुलैची सुट्टी धरली, तरी पाच-सहा आठवडे उरतातच. त्यात मुलांना ‘समर कॅम्प’ला घालायचं. दोन मुलांच्या कॅम्पची फी ऐकल्यावर माणूस आपोआप विमानाची तिकिटं बघायला लागतो.

आणि इथे कोणी मोठ्याने न बोलता एक गोष्ट ठरून जाते. भेट आणि सांभाळ यांची गल्लत होते. ‘‘मुलांना आजीकडे पाठवतोय’’ या वाक्यात दोन्ही गोष्टी असतात. नातवंडं आजीला भेटणार, हा आनंद. आणि आजी ती सांभाळणार, हे काम. आनंदाचे फोटो निघतात. काम किती तासांचं, हे कोणी मोजत नाही.

आमच्याकडे २०२३ मध्ये नऊ आठवड्यांचा मुक्काम झाला. भाची तेव्हा नऊ वर्षांची, भाचा सहाचा. ताई दोघांना घेऊन आली, दोन आठवडे राहून परत गेली. मुलं नागावलाच. शेवटच्या आठवड्यात भावोजी येऊन घेऊन गेले. आई ६६ची, बाबा ७१चे. कागदावर बेत झकास होता. वाडीतलं घर, ताजं जेवण, मराठी कानावर पडणार आणि शनिवार-रविवारी मामा-मामी हजर.

पहिला आठवडा जेटलॅगचा. मुलं पहाटे तीनला टक्क जागी आणि त्यांच्याबरोबर आजीही. मग पाऊस लागला. लाइट गेले की वाय-फाय गेलं आणि वाय-फाय गेलं की घरात युद्ध. एकाला वरण-भात चालतो, दुसरीला फक्त पास्ता. समुद्र घरापासून चालत पाच मिनिटांवर, पण जुलैत तो फक्त लांबून बघायचा. सहा वर्षांच्या मुलाला हे पटवून देण्यात बाबांच्या रोजच्या दोन फेऱ्या फाटकापर्यंत व्हायच्या. ऑगस्टमध्ये भाच्याला ताप आला. तपासण्या झाल्या, साधा व्हायरल निघाला. पण त्या दोन रात्री आई त्याच्या उशाशी बसून होती आणि न्यू जर्सीत ताई फोन उशाशी घेऊन.

मुलं गेली. आईने आम्हाला कोणालाच काही सांगितलं नाही. सांगितलं ते शेजारच्या काकूंना, गणपतीचे मोदक वळताना. ‘‘पोरं गोड आहेत हो, पण मीच आता तेवढी राहिले नाही.’’ काकूंनी माझ्या बायकोला सांगितलं, बायकोने मला, मी ताईला. आपल्याकडे महत्त्वाच्या बातम्या याच मार्गाने पोचतात.

ताई रडली, मग चिडली. ‘‘मला आधी का नाही सांगितलं?’’ पण सांगणार कसं? नातवंडांना ‘नको’ म्हणायचं कुठल्या आजीला जमतं? तिला मुळात विचारलंच जात नाही. विचारतात ते ‘कधी येऊ’ हे. ‘किती दिवस झेपेल’ हे नाही.

बोट बंद, शाळा सुरू

जुलैतलं अलिबाग हे मेमधलं अलिबाग नव्हे, हे परदेशातल्या आई-बापांना आठवणीतून दिसत नाही. ते ज्या गावी वाढले तिथे कायम मे महिनाच असतो.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटी साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो सुरू झाली, गाडीसकट तासाभरात पलीकडे. ती पावसाळ्यातही धावते, पण हवामान बिघडलं की फेरी रद्द. मग उरतो पनवेल-पेण-वडखळचा रस्ता. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाल्यापासून मुंबईतून बाहेर पडणं सोपं झालंय, पण वडखळनंतरचा पाऊस आणि खड्डे यांवर अजून कोणी सेतू बांधलेला नाही. मध्यरात्री विमानातून उतरलेली दोन झोपाळू मुलं आणि चार बॅगा घेऊन त्याच पहाटे अलिबाग गाठायचा हट्ट धरू नये. एक रात्र ठाण्याला, आमच्याकडे. बायकोनेच हा नियम घातलाय आणि तो मोडायची कोणाची हिंमत नाही.

भावंडांचीही भेट होत नाही. माझ्या मुलीची शाळा जूनच्या मध्यावर उघडते. ताईची मुलं येतात तेव्हा तिची पहिली चाचणी तोंडावर असते. म्हणजे पूर्वी जे काम दहा-बारा पोरांची फौज फुकटात करायची, ते आता दोन म्हाताऱ्या माणसांवर येतं. सांभाळाचा खरा घोटाळा इथे झालाय, असं माझं मत आहे. आजी तीच, घर तेच. पोरांची ती फौज तेवढी नाहीशी झाली.

राहता राहिला मामा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आपल्याला वर्षाला आठ नैमित्तिक रजा मिळतात, शिवाय वर्षात २४० दिवस काम भरलं की दर वीस दिवसांमागे एक अर्जित रजा. त्यातल्या पाच जुलैत भाचरांसाठी टाकल्या तर दिवाळीला आणि स्वतःच्या बायको-मुलीसाठी उरतं काय? दोस्तहो, तुमचंही कोणी परदेशात असेल तर ही बेरीज जानेवारीतच करून ठेवा. जूनमध्ये बॉस ‘क्वार्टर एण्ड’ हे दोनच शब्द उच्चारतो आणि विषय संपतो.

रात्री ऑफिस, सकाळी आजी

‘‘मी तिथूनच काम करते ना!’’ हे २०२० नंतर सुरू झालेलं नवीन वाक्य. कंपनीची परवानगी लागते ती लागतेच. परदेशातून लॉग-इन केलेलं अनेक कंपन्यांना कर आणि डेटाच्या नियमांमुळे चालत नाही. पण परवानगी मिळाली तरी घड्याळ आडवं येतं. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे. तिथले सकाळचे नऊ म्हणजे नागावचे संध्याकाळचे साडेसहा आणि ऑफिस सुटतं रात्री अडीचला. ताई तीनला झोपणार, मुलं सातला उठणार. घरात आई आहे, पण ती दुपारपर्यंत दाराआड झोपलेली. मुलांना ‘श्श्श’ करत फिरण्याची ड्यूटी पुन्हा आजीचीच! लंडनवाल्यांचं बरं जमतं, तिथले नऊ म्हणजे आपले दीड. सकाळ मुलांची, दुपारपासून ऑफिस, रात्री दहाला लॅपटॉप बंद. म्युनिक तर आणखी सोयीचं, साडेबाराला सुरुवात. तेव्हा ‘वर्क फ्रॉम अलिबाग’ करायचं की नाही हे कंपनीपेक्षा रेखांशावर ठरवा.

उलटा मार्गही आहे. आजी-आजोबांनीच तिकडे जायचं. टुरिस्ट व्हिसावर अमेरिकेत उतरल्यावर साधारण सहा महिन्यांपर्यंत राहायला मिळतं आणि कितीतरी घरांचा उन्हाळा असाच निघतो. आमचे आई-बाबा एकदा जाऊन आलेत. आईची तक्रार एकच. ‘‘तिथे फाटकाबाहेर पडायचं तर गाडी चालवणारं कोणीतरी लागतं. इथे भाजीवाली दारात येते.’’ त्यात या वयातला आरोग्य विमा महाग, आणि आधीपासूनच्या दुखण्यांना तो किती धरतो हे बारीक अक्षरांत वाचायचं. भेटीला जावं. सांभाळायला जाणं म्हणजे तेच काम, फक्त परक्या स्वयंपाकघरात.

मग आम्ही २०२४ ला सगळं नव्याने मांडलं. नागावला तीनच आठवडे, आणि तेवढा सगळा वेळ ताई किंवा भावोजी दोघांपैकी एक तरी हजर. पुण्याला भावोजींच्या आई-वडलांकडे दोन आठवडे. उरलेले दिवस तिकडे कॅम्प, फी भरून. शिवाय नागावला सकाळी नऊ ते दुपारी चार गावातलीच एक ताई, फक्त मुलांसाठी, व्यवस्थित पगार देऊन. आई आधी चांगलीच भडकली. ‘‘माझ्या नातवंडांना बाहेरचं माणूस?’’ आठवड्याभरात दोघींचं असं जमलं की दुपारची सीरियल एकत्र बघायला लागल्या. पगार ताई देते, मी नाही. हेही आधीच बोलून घेतलेलं बरं; भावाबहिणींत ‘बघू नंतर’ म्हटलेले पैसे कधीच बघितले जात नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात. मूल एकाच पालकाबरोबर किंवा आजोबांबरोबर प्रवास करणार असेल तर दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र. आजी-आजोबांकडे ठेवून जाणार असाल तर उपचारांना संमती देणारं सहीचं पत्र आणि लसींची नोंद. ओसीआय कार्ड असलेल्या मुलाचा पासपोर्ट नवा झाला की तीन महिन्यांत त्याची प्रत आणि फोटो ऑनलाइन चढवायचा. २०२१ पासून वीस वर्षांखालच्यांना दरवेळी नवं कार्ड काढावं लागत नाही. आणि इंग्लंडवाल्यांनो, चार दिवस शाळा बुडवून मेमध्ये येतो म्हणाल तर जपून! तिथे ऑगस्ट २०२४ पासून विनापरवानगी पाच दिवसांची गैरहजेरी भरली की दर मुलामागे दर पालकाला ८० पौंड दंड होऊ शकतो, २१ दिवसांत भरला नाही तर १६०. जॉन प्लॅट नावाचा एक बाप असाच १२० पौंडांचा दंड नाकारून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. २०१७ मध्ये तिथे मात्र हरला.

चिखल हाच कॅम्प

आता इतकं रडगाणं गायल्यावर कबूल करायला हवं की पावसातलं अलिबाग मुलांना आवडतं. मोठ्यांपेक्षा जास्तच. जुलैत भाताची लावणी सुरू असते. ओळखीच्या शेतात विचारून गुडघाभर चिखलात उतरवलं की न्यू जर्सीची मुलं तीन तास स्क्रीन विसरतात. पेणजवळ हमरापूर, जोहे या गावांत गणपतीच्या कारखान्यांची तेव्हा ऐन लगबग असते. रंगाआधीच्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा बघून भाची गप्प झाली होती, ही आमच्याकडे ऐतिहासिक घटना. १ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे ताज्या मासळीचा हट्ट धरू नये. सोडे घातलेली वांगी-बटाट्याची भाजी हा त्या दिवसांचा मेनू. भाचा सोड्यांना ‘क्रिस्पी श्रिम्प’ म्हणतो आणि कच्चेच पळवतो. कुलाबा किल्ला पावसात विसरा, ती ओहोटीची गंमत थंडीतली. ऑगस्टपर्यंत राहणारे असतील तर कोळीवाड्यातली नारळी पौर्णिमा मात्र चुकवू नका.

मराठीचं म्हणाल तर ती तीन आठवड्यांत येत नाही, पण सैल होते. ‘मला पाणी पाहिजे’च्या जागी ‘आजी, पाणी दे गं’ असं येतं. अलिबागला हे नवीन नाही. नवगावच्या किनाऱ्याशी आपलं मूळ जोडणारे इथले बेने इस्राएली १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. पण तिथे जन्मलेल्या नातवंडांची भाषा हिब्रू झाली. त्यांच्याही प्राथमिक शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टचीच! अलिबागच्या इस्राएल आळीतून मागेन अवोत सिनेगॉगवरून जाताना मला दरवेळी हे आठवतं. भाषा टिकवायची तर आजीचा सहवास हवाच, यात वाद नाही. पण तो सहवास आजी दमून कोसळेपर्यंत लांबवला तर ती मुलांशी मराठीतही बोलत नाही. ‘‘मोबाईल घ्या आणि गप्प बसा’’ एवढंच म्हणते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मी हे वाक्य कानांनी ऐकलंय.

२०२५ ला पंचांगाने साथ दिली. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, लेबर डे १ सप्टेंबरला. ताईची मंडळी ऑगस्टात आली, दीड दिवसाचा गणपती पोचवला आणि लगेच विमान पकडलं. २०२६ ला अधिक महिना आल्याने गणपती १४ सप्टेंबरला, तोवर तिकडे शाळा सुरू. त्यामुळे भेटीचा बेत डिसेंबरचा ठरला. न्यू जर्सीची नाताळची सुट्टी जेमतेम दहा दिवसांची, त्याच दिवसांत निम्मी मुंबई अलिबागला लोटलेली. हॉटेलांचे दर आभाळाला भिडलेले, पण आपल्याला काय, आपलं घर आहे. हवा थंड, बोटी सुरू, किल्ल्यावर चालत जाता येतं आणि रात्री वाडीत पोपटी लावता येते. उन्हाळ्याच्या दहा आठवड्यांची सोय ताई-भावोजी तिकडेच लावणार, त्याचा नागावशी संबंध नाही.

आईनेही यावेळी फोनवर अटी घातल्यात, वहीत लिहून, वाचून दाखवून. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तिचं भजनी मंडळ, तेव्हा मुलं कोणीतरी दुसऱ्याने बघायची. पास्ता ताईने करायचा, भांडी भावोजींनी घासायची. आणि पहाटे तीनला उठणाऱ्यांनी मामाच्या खोलीत जायचं. शेवटच्या अटीवर माझं मत कोणी विचारलेलं नाही.